मागची सीट काढू का? एस्टीम, वूफर आणि 60 किलोंचा हिशोब

पत्र असं आलंय:

"काका नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वय 25, बेळगावच्या उद्यमबागला सीएनसी मशीनवर आहे. मामाची 2004 ची मारुती एस्टीम माझ्याकडं आलीय. इंजिन चांगलंय, मी 15 इंची अलॉय आणि डिकीत वूफर टाकलाय. कोल्हापूरचे दोस्त म्हणूलालेत की आतलं सगळं काढून टाक, मागची सीट, कार्पेट, डोअर पॅड, रूफ, एसी पण, शंभर किलो कमी होतं आणि गाडी उडते. पुढच्या सीझनला ऑटोक्रॉसला (ग्राउंडवर घड्याळ लावून पळवतात ती रेस) उतरायचंय, आणि रविवारी पहाटे आम्ही गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात जातो. घरात हीच एक गाडी, आई-बाबा आणि आज्जी पण हिच्यातनंच जातात. 40 हजार बाजूला काढलेत. आतलं काढू की नको? – एस्टीमवाला"

एस्टीमवाल्या, पत्र वाचून पहिल्यांदा हसलो, राग मानू नकोस. डिकीत वूफर ठेवून गाडीचं वजन कमी करायचा विचार करूलालास म्हणजे पोटभर मांडे हाणून वजनकाट्यावर उभं राहिल्यासारखं झालं की.

पण प्रश्न वेडा नाही. वजन कमी केलं की गाडी पळते, वळते, थांबते, सगळंच बरं होतं. लोटस गाड्या बनवणाऱ्या कॉलिन चॅपमननं आख्खी कंपनी ह्याच एका हट्टावर उभी केली. आणि पोर्शची 1973 ची 911 कॅरेरा आरएस 2.7 आहे ना, तिच्या लाइटवेट मॉडेलला मागच्या सीटा नव्हत्या, दाराला आतनं नुसता ओढायचा पट्टा, कार्पेट पातळ, काचा पण पातळ, आणि तीच गाडी टूरिंग ट्रिममध्ये घेतली तर शंभरेक किलो जड. म्हणजे दोस्तांचा शंभरचा आकडा कुठल्यातरी गाडीचा खरा आहे, फक्त तुझ्या गाडीचा नाही.

तुझी एस्टीम मुळातच हलकी. कागदावर 875 किलोच्या आसपास, 1298 सीसी, 85 हॉर्सपॉवर, म्हणून तर ती आपल्याकडं रॅलीत आणि श्रीपेरुंबुदूर-कोइंबतूरच्या ट्रॅकवर एवढी वर्षं पळाली. पण हलकी म्हणजेच काय तर कंपनीनंच आत फार काही ठेवलेलं नाही, जाड डॅम्पिंग नाही, सीटला मोटर नाही, एअरबॅग नाहीत. तू काढून काढून काय काढणार? मागची सीट, बसायची आणि पाठीची मिळून, 15 किलो धर. कार्पेट आणि त्याच्या खालचा नमदा 10. चार डोअर पॅड मिळून सात-आठ, रूफचं अस्तर दोन, पार्सल ट्रे आणि डिकीतलं सटरफटर पाच. झाले 40. एसी कॉम्प्रेसर-कंडेन्सर-पाइपांसकट उपटलास तर अजून 15 ते 20. म्हणजे सगळी गाडी नागडी करून 60 किलो, आणि हे पण मी हात सैल सोडून धरलेत.

आता ह्या 60 चं काय होतं ते बघ. गाडी 875, तू 70, मिळून 945. त्यातनं 60 गेले म्हणजे सहा टक्क्यांच्या जरा वर. पिकअपच्या भाषेत सांगायचं तर 85 ची गाडी साधारण 91 हॉर्सपॉवरची असल्यासारखी वाटणार, तेही खालच्या स्पीडला, कारण स्पीड वाढला की भांडण वाऱ्याशी असतं, वजनाशी कमी. 0 ते 100 मध्ये सेकंदाच्या आतलाच फरक. रेसमध्ये सेकंद म्हणजे लई, मान्य. पण 20 वर्षांच्या इंजिनात आज 85 उरलेत की 70, हे तू बघितलंस काय? कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक केलंस काय? मागचा ड्रम घासत नाही ना, हँडब्रेक पूर्ण सुटतो ना? हे बघितलं नसशील तर तू सीट काढून सहा हॉर्सपॉवर मिळवणार आणि पंधरा हॉर्सपॉवर इंजिनात आणि ब्रेकात कधीच हरवून बसलेला असणार.

बरं हेच 60 किलो एक पण स्क्रू न खोलता निघतात, हे दोस्तांनी सांगितलं नसणार. वूफरचा बॉक्स, अॅम्प, वायरिंग धरून 20-22 किलो आरामात भरतं, एमडीएफचं लाकूडच केवढं असतंय. स्टेपनी, जॅक, पाना मिळून 15. टाकी 40 लिटरची, पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या जरा खाली, म्हणजे इव्हेंटच्या दिवशी फुल टाकीऐवजी 10 लिटर ठेवलंस की 22 किलो गेले. बेरीज कर. 57-59 आलं की नाही. आणि संध्याकाळी स्टेपनी परत डिकीत, पेट्रोल परत टाकीत, आज्जी परत मागच्या सीटवर. (स्टेपनी फक्त ग्राउंडवर काढायची, घाटात नाही. जांबोटीच्या पुढं पंक्चर होऊन मोबाइलला रेंज शोधत फिरलास की कळेल स्टेपनीचं वजन.)

अलॉयचं पण बघून घे. अलॉय म्हणजे हलकं असं लोकांनी डोक्यात घेतलंय, पण स्वस्तातलं 15 इंची अलॉय आणि रुंद टायर मिळून कंपनीच्या 13 इंची लोखंडी चाकापेक्षा जड निघणं काही नवल नाही. आणि चाकाचं वजन सगळ्यात वाईट, कारण ते पळवायचंही असतंय आणि फिरवायचंही असतंय, वर शॉकअपला ते प्रत्येक खड्ड्यात सांभाळावं लागतंय. चार चाकांत दोन-दोन किलो वाचले तर ते आतनं काढलेल्या आठ किलोंपेक्षा जास्त कामाचे.

आता खरा मुद्दा. वजन किती काढतोस त्यापेक्षा कुठनं काढतोस ते महत्त्वाचं, आणि ह्यावर कुणी बोलत नाही. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, इंजिन-गिअरबॉक्स सगळा लोड आधीच नाकावर. हातानं सहज निघणारं जे सामान आहे, मागची सीट, पार्सल ट्रे, डिकीचं अस्तर, ते जवळजवळ सगळं मागचं. म्हणजे जड नाक तसंच आणि शेपटी अजून हलकी. घाट उतरताना ब्रेक मारलास की वजन पुढं जातं, मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात, त्यात तू 30-35 किलो अजून काढलेस, रस्ता ओला, मागं ड्रम, एबीएस नाही. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होऊ शकतात आणि मग गाडीचा मागचा भाग तुझ्याआधी वळणावर पोचणार. कंपनीनं पुढं-मागं ब्रेकचं जे वाटप बसवलंय ते भरलेल्या आणि रिकाम्या दोन्ही गाड्यांचा विचार करून, नागड्या गाडीचा नाही. रेसवाले मागचं काढतात तेव्हा स्प्रिंगा बदलतात, मागचं ब्रेकप्रेशर अॅडजस्ट करायचा व्हॉल्व बसवतात, मोकळ्या ग्राउंडवर दिवसभर टेस्टिंग करतात. आपण सीट काढतो, व्हिडिओ टाकतो आणि चोर्ल्याला जातो.

मी स्वतः केलंय म्हणून बोलतोय, हवेत नाही. तुझ्याएवढा असताना मारुती 800 होती, मागची सीट, कार्पेट, पॅड, सगळं काढलं. पहिले आठ दिवस स्वर्ग. मग पावसाळा लागला. पत्र्यातली रबरी बुचं कार्पेट काढताना दोन-तीन कुठं गेली ती मला कळलंच नाही, त्या भोकांतनं पाणी आत आणि सायलेन्सरचा धूर पण आत, खानापूरहून बेळगावला येईपर्यंत डोकं धरायचं, मला वाटायचं ॲसिडिटी आहे. त्यात आवाज असा की गिअरचं, बेअरिंगचं, खड्ड्याचं, सगळं थेट कानात, बाजूला बसलेल्याशी बोलायचं तर ओरडायचं, बाजूला बसलेली बायको असेल तर ओरडण्याचा अर्थ वेगळा होतो. शेवटी परत बसवायला गेलो तर सीट माळ्यावर उंदरांनी कोरून ठेवलेली आणि पॅडच्या क्लिपा निम्म्या तुटलेल्या. 800 चं सामान तरी तेव्हा गल्लीत मिळायचं. एस्टीम 2007 ला बंद झाली, तिचा एक पॅड चिरला तर भंगार बाजार पालथे घालावे लागतील.

एसीचं वजन मात्र पुढचं आहे, म्हणजे काढायचंच असेल तर तांत्रिकदृष्ट्या योग्य जागेचं. तरी पण नको. जुलैत कणकुंबीच्या आसपास गाडी चालवलीयस ना? बाहेर धुकं, आत चार माणसांचा श्वास, समोरची काच दोन मिनिटांत पांढरी. ती साफ करतो तो एसी, कारण तो आतली हवा कोरडी करतो, नुसत्या ब्लोअरला ते पावसात जमत नाही. आणि ओल्या टॉवेलनं काच पुसत घाट उतरणारा माणूस कितीही हलक्या गाडीत असला तरी हळूच जातो, जायलाच पाहिजे. शिवाय गॅस असाच हवेत सोडायचा नसतो, एसीवाल्याकडनं मशीननं काढून घ्यावा लागतो.

पण एक काम तुझ्या लिस्टमधलं कर, आणि आवर्जून कर: कार्पेट काढ. कायमचं नाही, एकदा. 20 वर्षं खानापूरच्या पावसात फिरलेली गाडी, तिच्या कार्पेटखालचा नमदा स्पंजसारखा पाणी पितो आणि तसाच बसतो, ओला असला तर त्याचंच वजन तीन-चार किलोंनी जास्त भरतं आणि वरनं हात लावला तर कळत पण नाही. खाली पत्रा बघ, ड्रायव्हरच्या पायाखाली, सीटच्या बोल्टांच्या आजूबाजूला, बेल्टचे बोल्ट जिथं आवळलेत तिथं. गंज असेल तर घासून प्रायमर मार, भोक असेल तर टिनकामवाल्याकडनं नीट पॅच वेल्ड करून घे, बुचं मोजून परत बसव, नमदा दोन दिवस उन्हात घाल, मग सगळं परत. मार्च-एप्रिलमध्ये कर, ऊन फुकट असतंय. पत्र्याला चिकटवलेल्या काळ्या डांबरी शीट मात्र खरवडू नकोस, त्यात दोन-चार किलो मिळतील पण त्याखालचा रंग पण निघतो आणि पुढच्या पावसात गंज तिथनंच सुरू.

मध्येच एक गोष्ट, तुझ्यासाठी नाही, हे वाचून स्विफ्ट-पोलोची सीट काढायला निघालेल्यांसाठी: एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असू शकतात, त्यांना बॅटरी चालू असताना हात लावायचा नाही. उगाच छातीवर बार घेऊ नका.

तू अजून केज (गाडीच्या आत बसवायचा पाइपांचा सांगाडा), बकेट सीट, चारपट्टी बेल्ट असलं काही विचारलं नाहीस, पण दोस्तांची पुढची पायरी तीच असणार म्हणून आधीच सांगतो. रेसच्या गाड्या आतनं नागड्या असतात त्याचं अर्धं कारण म्हणजे आत रोल केज घालायचा असतो, आणि केजच 30-40 किलोंचा असतोय. म्हणजे ते सीट-कार्पेट काढून जे कमवतात ते केजमध्ये घालतात, फुकटची बचत तिथं पण नाही. आणि केज रोडच्या गाडीत नको, कारण रेसमध्ये डोक्यावर हेल्मेट असतं, बेल्टनं माणूस करकचून बांधलेला असतो, लग्नाला निघालेल्या बाबांच्या डोक्यावर टोपी असते. धडक बसली तर डोकं त्या पाइपवर. उद्यमबागेत एकसे एक फॅब्रिकेटर आहेत, पाइप वाकवून देतील पण सुंदर, पण पाइप कुठल्या ग्रेडचा आणि तो बॉडीला कुठं आणि कसा बसवायचा हे रुलबुकात लिहिलेलं असतं. बाजारातल्या 'रेसिंग' सीटचं पण तेच, सर्टिफिकेट नाही आणि खाली स्थानिक वेल्ड केलेला ब्रॅकेट, तिच्यापेक्षा मारुतीची जुनी सीट शंभर पटीनं भरवशाची.

त्यावरनं आठवलं. ऑटोक्रॉसला उतरायचंय ना, मग आधी त्या इव्हेंटचा रुल वाच. आपल्याकडं हे सगळं एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) नियमावर चालतं, क्लास असतात, आणि स्टॉक, म्हणजे कंपनीतनं आल्या तशा गाड्यांच्या क्लासमध्ये आतलं सामान जागेवर पाहिजे अशी अट असू शकते. म्हणजे तू कष्ट करून सगळं काढणार आणि स्क्रूटिनीला (रेसआधीच्या गाडी तपासणीला) ते म्हणणार, तू स्टॉकमध्ये नाहीस, मॉडिफाइडमध्ये जा, आणि तिथं कॅम, कार्ब, इंजिन बनवून आलेल्या गाड्यांसमोर तू तुझे 60 किलो घेऊन उभा. नवीन पोरानं स्टॉकमध्येच शिकावं असं माझं मत आहे, तिथं हरलं तरी कळतं की आपण हरलो, गाडी नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या माहितीशी आणि कंपनीच्या स्पेसिफिकेशनशी जुळणार नाहीत असे बदल मालकाला करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर 182ए खाली प्रत्येक बदलाला 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कार्पेट नाही म्हणून कुणी आत टाकणार नाही. पण आरसीवर पाच सीटा आणि गाडीत दोन, मागचे बेल्ट गायब, वर केज, हे कुठल्याही चेकपोस्टला बोलायला विषय देतं, आणि तू केए-22 घेऊन कोल्हापूरला, गोव्याला, तीन-तीन राज्यांत फिरणार. गाडी 15 वर्षांच्या पुढची म्हणजे दर 5 वर्षांनी आरटीओत उभी करून आरसी रिन्यू करायची, तेव्हा तर सगळं जागेवर लागणारच. इन्शुरन्सला न कळवता बदल केला तर क्लेमच्या वेळी त्यांच्या हातात आयतं कोलीत.

मग 40 हजारांचं काय करायचं? माझ्या हातात दिलेस तर असं करीन: पहिले चार चांगले टायर, 13 किंवा फार तर 14 इंची, अलॉय विकून टाक, त्याचे पण पैसे येतील. मग ब्रेक, पुढं नवीन पॅड, मागचे ड्रम उघडून शू आणि सिलिंडर बघ, ब्रेक ऑइल आख्खं बदल, 20 वर्षांच्या गाडीत ते बहुतेक चहासारखं झालेलं असतं. मग शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश, मग अलाइनमेंट. ह्यात 40 संपतील, कदाचित चार-पाच वर जातील. ही कामं झाल्यावर गाडी वळणात अशी बसेल की तुला वाटेल कुणीतरी शंभर किलो काढले. उरलंच काही तर प्लग, एअर फिल्टर, कंप्रेशनचं बघून व्हॉल्व सेटिंग.

आणि मागची सीट? ती निघते की सहज, हे पण खोटं बोलणार नाही. ग्राउंडवरच्या इव्हेंटला, रुलमध्ये बसत असेल तर, आदल्या रात्री काढ, बोल्ट-क्लिपा एका डब्यात, सीट घरात पलंगाखाली, माळ्यावर नाही, उंदरांचं सांगितलंय. सोमवारी परत बसव आणि मागचे बेल्ट हातानं ओढून बघ. फक्त सीट काढल्यावर डिकी आणि केबिन एकच होतं हे लक्षात ठेव, मध्ये आडोसा नाही, त्यामुळं डिकीत सुटं काही ठेवायचं नाही, ब्रेक मारला की पाना सरळ मानेवर. रेसच्या गाडीत पेट्रोलची टाकी आणि ड्रायव्हरमध्ये पत्र्याची भिंत मागतात, ती आग आणि पेट्रोल केबिनमध्ये येऊ नये म्हणून.

कायमचं काढायचं असेल तर एकच अट, दुसरी गाडी घे. घरच्यांना एक, आणि ही फक्त ग्राउंडला, शक्यतो ट्रेलरवरनं. तेव्हा मग सगळं काढ, मी स्वतः पाना घेऊन येतो.

चोर्ल्याचं मी एवढंच म्हणतो की पहाटे त्या रस्त्यावर भाजीचे टेम्पो असतात, गोव्याला भाजी बरीचशी बेळगावातनं जाते, प्रत्येक आंधळ्या वळणावर समोरनं त्यातला एक येतो असं धरून चाल. घड्याळ लावून घाट चढायचा नाही. हे मी तुझ्या आईच्या वतीनं बोलतोय, तिनं पत्र लिहिलं असतं तर दोन ओळींत संपवलं असतं.

आता काम. रविवारी घाटात जायच्या ऐवजी अडतीवर किंवा डेअरीत ओळख काढून दीडशे किलोवाला प्लॅटफॉर्म काटा दोन तास मागून घे. उसाच्या वजनकाट्यावर गाडी नेऊ नकोस, तो ट्रकचा काटा, दहा-वीस किलोच्या पायरीनं मोजतो, त्याला तुझी सीट दिसणार पण नाही. छोट्या काट्यावर एकेक वस्तू ठेव, अलॉय टायरसकट, जुनं लोखंडी चाक टायरसकट, स्टेपनी, मागची सीट, ओला नमदा, उन्हात वाळवल्यावर तोच नमदा. वहीत लिही आणि मला पाठव. वूफरचा आकडा सगळ्यात वर लिही.